चांदीचे कण आणि खारपाणाची विहीर

हरभऱ्याचं उभं पीक वाळवणारा ‘मर’ रोग वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तो ज्या बुरशीमुळं येतो तिचं नाव फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम. याच जातीच्या बुरशीकडून चांदीचे अतिसूक्ष्म कण बनवून घेता येतात, हे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अबसार अहमद, मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३च्या शोधनिबंधात दाखवलं. पुढच्याच वर्षी त्या गटानं कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातून सोन्याचांदीचे कण तयार केले. अमरावतीच्या संत गाडगेबाबा विद्यापीठात महेंद्र राय यांनी बुरशीची ही वाट पुढं नेली. चांदीच्या नॅनोकणांच्या जंतुनाशक गुणांवरचा त्यांचा आणि सहकाऱ्यांचा २००९चा लेख जगभर हजारो वेळा संदर्भ म्हणून वापरला गेला. आपल्या गावाकडच्या विद्यापीठाचं नाव असं दूरवर जातं, याचा मला अभिमान आहे. म्हणूनच पुढची तक्रार घरातल्या माणसाची समजावी.

कृती तशी सोपी आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात पाल्याचा अर्क किंवा बुरशीचं गाळलेलं पाणी मिसळायचं. हळूहळू द्रावण तपकिरी होतं, म्हणजे कण तयार झाले. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण एक ते शंभर नॅनोमीटरचे. एरवी याच कामाला सोडियम बोरोहायड्राइडसारखी जहाल रसायनं लागतात. ती टळली, म्हणून ही पद्धत ‘हरित’. (सिल्व्हर नायट्रेट मात्र चांदी नायट्रिक आम्लात विरघळवूनच येतं. ते कुणी झाडाला लागलेलं पाहिलेलं नाही.) मग तुळस झाली, कोरफड झाली, संत्र्याची साल झाली. पानं बदलत गेली, निष्कर्ष तोच राहिला आणि प्रत्येक निबंधाच्या शेवटी एक वाक्य ठरलेलं, की याचा उपयोग जलशुद्धीकरणासाठी होऊ शकेल.

कुठल्या पाण्याच्या?

अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरलेला आहे. जवळपास नऊशे गावं त्यात येतात. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर या तालुक्यांतली पोरं याच विद्यापीठात शिकायला येतात. त्यांच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरं पाणीच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत. खारपाणातल्या कित्येक विहिरी ही दुसरी मर्यादाही ओलांडतात. घरोघरी मूत्रपिंडाचे रोगी आहेत आणि गावकरी त्याचा दोष पाण्यालाच देतात. २०२३च्या एप्रिलमध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख असलंच खारं पाणी टँकरमध्ये भरून अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले होते. वाण धरणाच्या पाण्यावरून तो झगडा होता.

आता चांदीचे कण या पाण्यात टाकून बघा. ते जंतू मारतात, मीठ काढत नाहीत. आणि खारपाणात तर जंतू मारण्याचं कामही त्यांना नीट करू दिलं जात नाही. बारावीच्या प्रात्यक्षिकात क्लोराइड ओळखायला आपण सिल्व्हर नायट्रेट टाकायचो आणि नळीच्या तळाशी पांढरा साका बसायचा, आठवतं? कणांतून सुटणाऱ्या चांदीची खाऱ्या पाण्यात तीच गत होते. शिवाय क्षारांमुळं कण एकमेकांना चिकटून गोळे बनतात आणि त्यांची धार जाते. बहुतेक निबंधांत परीक्षा होते ती प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंवर, नाहीतर शुद्ध पाण्यात मुद्दाम मिसळलेल्या रंगावर. दर्यापूरच्या विहिरीचं पाणी त्या काचेच्या भांड्यात क्वचितच पोहोचतं.

फिकहच्या जुन्या ग्रंथांत पाण्याची पारख रंग, वास आणि चव या तीन खुणांनी केलेली आहे. समुद्राचं पाणीही वजूला चालतं, मग खारपाणाच्या विहिरीचं का नाही चालणार? तेव्हा मशिदीच्या हौदाचा प्रश्न सुटलेला आहे. प्रश्न घरातल्या माठाचा आहे. त्यावर आज गावोगाव आरओचे प्लांट आणि वीस लिटरच्या कॅन आल्यात. गोड पाणी पैसे देणाऱ्याला मिळतं. मागं उरलेलं दुप्पट खारं पाणी नालीत जातं, नालीतून शेतात.

मग हे संशोधन टाकून द्यायचं का? मुळीच नाही, त्याची जागा बदलायची. खारपाणात गोड पाणी दोन ठिकाणांहून येतं: वाण, शहानूरसारख्या धरणांतून नळानं, नाहीतर आभाळातून. या पाण्यात क्षार कमी, पण साठवलं की जंतू होतात. तिथं चांदीचे कण कामाचे आहेत. डिसेंबर २००९मध्ये आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ गाळणीत भाताच्या तुसाची राख आणि नॅनो चांदीच होती आणि तिला वीज लागत नव्हती. पाण्यात उतरणारी चांदी लिटरमागं ०.१ मिलिग्रॅमच्या आत राहिली पाहिजे, हीही मानकाचीच अट. कण गाळणीत पक्के बसतात की धुऊन जातात, हे वर्षभर मोजत बसण्याचं काम कंटाळवाणं आहे. त्यातून चटकन निबंध निघत नाही, म्हणून ते मागं पडतं.

हिशेब साधा आहे. वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस धरला, तर हजार चौरस फुटांच्या छतावर सुमारे ७० हजार लिटर पाणी पडतं. वाया जाणारं सोडलं तरी ५० हजार उरावं. खारपाणातल्या मशिदी, मंदिरं, शाळा यांची छतं याहून मोठी आहेत आणि त्यांचं पाणी आज पन्हाळीतून रस्त्यावर जातं. जमातींनी टाकी बांधावी, वर्गणी आपण काढू. विद्यापीठानं पाच गावांतल्या पाच टाक्यांना आपली बुरशीची चांदी लावून द्यावी आणि पुढच्या जूनपर्यंत दर महिन्याला पाणी तपासून आकडे त्याच गावाच्या भिंतीवर मराठीत लिहावेत.