एकच नर्व्ह, तीन नावं

गेल्या महिन्यात लातूर आणि नांदेड, दोन्ही जिल्ह्यांतल्या वाचकांच्या पत्रांत एकच तक्रार आहे: फूट ड्रॉपच्या रुग्णांचे दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद परत येत आहेत. एका पत्रासोबत कागदांची प्रतही आली. सोयाबीन काढणीत दिवस दिवस उकिडवं बसून पाऊल लुळं पडलेला मजूर. डिस्चार्ज कार्डावर ‘कॉमन पेरोनिअल’, एनसीव्हीच्या अहवालात ‘कॉमन फिब्युलर’. त्याच्या अर्जावर लाल शाईचा शेरा: ‘दोन वेगळ्या नसांची नोंद, खुलासा करावा.’ पाय ओढत तो पुन्हा जिल्ह्याच्या गावी गेला. त्या दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच.

वेगळ्या नसा कुठल्या? लॅटिनमध्ये ‘फिब्युला’ म्हणजे वस्त्र अडकवायची पिन, आणि ग्रीकमध्ये त्याच पिनेला ‘पेरोने’. हाडाला लॅटिन नाव चिकटलं, नर्व्हला आणि स्नायूंना ग्रीक. १९९८ च्या ‘टर्मिनोलॉजिया अनाटोमिका’ने ‘फिब्युलर’ पुढे आणलं, पण ‘पेरोनिअल’ही पर्यायी म्हणून ठेवलं. त्यात कुष्ठरोगाच्या कामात मुरलेली मंडळी अजून ‘लॅटरल पॉप्लिटियल’ लिहितात. तिन्ही नावं बरोबर आहेत. शेरा मारणाऱ्याने शेजारच्या खोलीतल्या ऑर्थोपेडिक सर्जनला विचारलं असतं, तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. न विचारता फाईल परत पाठवणं हा निव्वळ निष्काळजीपणा आहे.

पण सगळा दोष कार्यालयाच्या माथी मारून चालणार नाही. आपल्यापैकी किती जण टाइप झालेलं कार्ड वाचून सही करतात? इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ओ’च्या जागी ‘आय’ पडला की ‘पेरोनिअल’चं ‘पेरिनिअल’ होतं आणि इजा पायातून थेट पेरिनियममध्ये जाते. असं एक कार्डही या पत्रांत आहे. खाली सही एमएस ऑर्थोची. नवं नाव पुढे करण्यामागे हा घोटाळा टाळणं हेही एक कारण होतं, आणि पंचवीसहून अधिक वर्षं उलटली तरी आपण सवय बदलत नाही.

मित्रहो, आजपासून कार्डावर ‘कॉमन फिब्युलर (पेरोनिअल)’ अशी दोन्ही नावं लिहा. बाजू लिहा, इजा फिब्युलाच्या नेकपाशी आहे की वर, तेही लिहा. अँकल डॉर्सिफ्लेक्शनची पॉवर आकड्यात नोंदवा. एनसीव्हीचा अहवाल कार्डाशी ताडून मगच रुग्णाच्या हाती द्या. आणि कागद परत आलेच, तर रुग्णाचं नाव झाकून शेऱ्याची प्रत आमच्याकडे पाठवा. त्या सगळ्या एकत्र करून दोन्ही जिल्हा शल्यचिकित्सकांसमोर आम्ही स्वतः ठेवू.