कोठार आणि कुदळ

यंदा चवथीला आम्ही पेडण्याला मूळ घरी गेलो होतो. माटोळीखाली आरत्या आटोपल्या, नेवऱ्यांची ताटे फिरली आणि मंडळी गप्पांत रंगली. पण आमची पुतणी मात्र सोप्याच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. ती संगणकशास्त्र शिकते आणि परीक्षेला तिचा विषय आहे 'डेटा वेअरहाऊसिंग आणि डेटा मायनिंग', म्हणजे माहितीचे कोठार आणि माहितीचे उत्खनन. आम्ही सहज चौकशी केली, तर म्हणाली, "काका, व्याख्या सगळ्या पाठ आहेत. हे सारे कशासाठी, तेवढे मात्र विचारू नका."

आम्हांला तर तेवढेच विचारायचे होते. तिच्या वडिलांचे, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंचे, बाजारात किराणा दुकान आहे. आम्ही म्हटले, "बाबांच्या वह्यांपासून सुरुवात करू या." दुकानात बिलांची वही निराळी, उधारीची निराळी, आलेल्या मालाची निराळी. समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाचे काम चटकन व्हावे, एवढ्याचसाठी त्या असतात. परंतु गेल्या पाच वर्षांत चवथीच्या पंधरवड्यात नारळ किती खपले आणि त्यांतले उधारीवर किती गेले, असा प्रश्न आला, की यांतली एकही वही उत्तर देत नाही. त्यासाठी दुकान बंद ठेवून पाने चाळत बसावे लागेल. म्हणून रोजच्या वह्यांना हात न लावता, त्यांतील मजकूर निवडून, पाखडून, विषयवार मांडलेले एक वेगळे कोठार करावयाचे. पुतणीने लगेच पुस्तक उघडले. बिल इनमन या अमेरिकन तज्ज्ञाने कोठाराची चार लक्षणे सांगितली आहेत : रचना विषयवार हवी, निरनिराळ्या ठिकाणची माहिती एकसूत्री हवी, प्रत्येक नोंदीला काळाचा संदर्भ हवा आणि एकदा आत गेलेली नोंद खोडता कामा नये.

ही लक्षणे ऐकताना आम्हांला पणजीच्या पुराभिलेखागाराची आठवण झाली. १५९५ साली स्थापन झालेल्या या दप्तरखान्याचे पहिले रक्षक इतिहासकार दियोगो दो कौतो हे होत. लिस्बन आणि गोवा यांच्यातील पत्रव्यवहार पावसाळी वाऱ्यांवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांतून चाले, म्हणून त्याच्या बाडांना मोसमांचेच नाव पडले. कागद जसे आले-गेले, तसे बांधले गेले. ही झाली दुकानातली बिलवही! मराठ्यांशी पोर्तुगीजांचे संबंध कसे होते, हे विचारणाऱ्याने काय करावे? पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या दप्तरात आयुष्य वेचले, बाडांमागून बाडे वाचली, त्यांतून मराठ्यांविषयीचे कागद वेगळे काढले आणि मराठ्यांच्या इतिहासाला एक नवे साधन मिळवून दिले. संगणक नसतानाही कोठार आणि कुदळ ही दोन्ही कामे एका माणसाने केली.

यांत सर्वांत कष्टाचे काम पाखडण्याचे. मराठी कागदात 'पेडणे' असते, पोर्तुगीज कागदात तेच 'पेर्नेम' होते. डिचोलीचे 'बिचोलिम' होते. यंत्राच्या लेखी ही चार गावे. नाईक या आडनावातला 'क' पोर्तुगीज लेखनात एका प्रकारे लिहिला जाई, तर १९६१ नंतरच्या इंग्रजी कागदांत दुसऱ्याच. हे दोघे एकच गृहस्थ, की खरोखरीच दोन? हा काही निव्वळ परीक्षेतला प्रश्न नव्हे. भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्या मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण दिले. पण आजोबांचे नाव एका दप्तरात एक आणि दुसऱ्यात भलतेच असेल, तर नातवाने पुरावा कोठून आणावा? दोन नाईकांचा चुकून एक झाला, तर एकाचा हक्क दुसऱ्याच्या पदरात पडतो. यंत्राला त्याचे दुःख नसते.

कोठार सिद्ध झाले, की उत्खनन. पुतणीच्या पुस्तकात राकेश अग्रवाल आणि रामकृष्णन श्रीकांत या भारतीय संशोधकांनी १९९४ साली मांडलेली एक रीत होती. आम्ही ती नारळावर बेतली. समजा, शंभर बिलांपैकी पंचवीस बिलांत नारळ आहे आणि त्या पंचविसांपैकी वीस बिलांत गूळही आहे. दोन्ही वस्तू शंभरात वीस वेळा एकत्र आल्या, हा जोडीचा आधार. आणि नारळ घेणाऱ्यांत शेकडा ऐंशी जण गूळ घेतात, ही नियमाची खात्री. पुतणी खूष झाली. आम्ही विचारले, "पण शंभरांतली ऐंशी बिले एरवीही गुळाचीच असतील तर?" ती क्षणभर थांबली आणि हसून म्हणाली, "मग नारळाने काहीच सांगितले नाही." शिवाय ही बिले चवथीची असली, तर नारळामुळे गूळ खपत नाही; दोन्ही खपतात ते नेवऱ्यांमुळे. काय कशाबरोबर आले, ते यंत्र सांगते. का आले, हे घरच्या माणसाला ठाऊक असते.

दुसऱ्या दिवशी तिच्या आजोळी, डिचोलीला गेलो. वाटेत लोहखनिजाच्या खाणींचे तांबडे ढिगारे दिसले. एक टन खनिजासाठी दोन-तीन टन दगडमाती उपसून बाजूला टाकावी लागे, तिचे हे डोंगर. २०१२ साली खाणी बंद पडल्या तेव्हाही ढिगारे जागच्या जागीच राहिले. पुतणी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. म्हणाली, "काका, माहितीच्या खाणीतही असेच असेल ना? मिळाले ते एकाचे, आणि ढिगारा दुसऱ्याच्या दारात." यावर आम्ही काही बोललो नाही. पाठ केलेल्या व्याख्येतून हा प्रश्न सुचला नसता.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या घरी जुन्या पेटीत गावाकडचे कागद असतील : कोणी मोडीत लिहिलेले, कोणी पोर्तुगीजमध्ये, कोणी कानडीत. उद्या ते कुठल्या तरी कोठारात जातीलच. त्याआधी, घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर, कोणत्या कागदातला कोण कोणाचा कोण, हे त्यांना विचारून कागदाच्या पाठीवर लिहून ठेवावे. तेवढे पाखडणे कोणत्याही यंत्राला आपल्यावाचून साधणार नाही.