निमंत्रक कोण?

लग्नसराई जवळ आली की परभणी जिल्ह्यातील छापखान्यांतून ठरीव साच्याच्या पत्रिका बाहेर पडू लागतात. सेलू तालुक्यातील वालूरसारख्या गावात कोणाचे नाव कोणाच्या वर, यावरून भाऊबंदांत अबोला धरला जातो. पुढाऱ्यांची नामावळी ‘प्रमुख उपस्थिती’ म्हणून ठळक अक्षरांत झळकते. वधूचा पिता वारला असेल, तर ‘कै.’ लावून त्याचेही नाव सन्मानाने येते. गाळली जाते ती हयात असलेली आई! निमंत्रक म्हणून चुलता नाहीतर मामा पुढे होतो. आईला कोठे जागा मिळालीच, तर ‘गं. भा.’ या उपाधीसह. विधुर मात्र मरेपर्यंत नुसता ‘श्री.’च राहतो.

‘शब्दांत काय आहे? आधी भाकरीचा प्रश्न सोडवा,’ असे आपल्यातीलही काही मंडळी म्हणतात. हा युक्तिवाद पोकळ आहे. ज्याचे नाव निमंत्रक म्हणून छापायचे, तोच सोयरीक ठरवायला बैठकीत बसतो. 1961 च्या हुंडाबंदी कायद्याला न जुमानता देण्याघेण्याचा आकडा तोच कबूल करतो, पंगती किती उठवायच्या हेही तोच ठरवतो. कर्ज फेडते ती विधवा. मराठवाड्याच्या कोरडवाहू रानात, कर्जापायी नवऱ्याने जीव दिल्यावर जिने नांगरट आणि घर दोन्ही सांभाळले, ती! 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने ती मुलांच्या बरोबरीची वारस आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव चालते. पत्रिकेवर विटाळ होतो. भाकरीचा प्रश्न याहून निराळा कोणता?

शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथांविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात शासनाने त्याचे अनुकरण करण्याचे परिपत्रक काढले. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावापुढे, वडिलांच्या आधी आईचे नाव लावण्याचा निर्णयही शासनाने केला आहे. कागदोपत्री सरकार एवढे पुढे गेले असता समाजवादी म्हणविणाऱ्यांनी जुना साचा गिरवावा, ही शरमेची गोष्ट आहे. ‘प्रमुख उपस्थिती’त आपलेही कार्यकर्ते असतातच की! त्यांनी नाव छापण्यास होकार देण्यापूर्वी पत्रिकेचा मसुदा मागवावा. निमंत्रक म्हणून आईचे नाव, ‘गं. भा.’ न लावता, पहिले नसेल, तर आपले नाव काढून घ्यावे आणि कारणही स्पष्ट सांगावे.