जखमी घार आणि कॅमेरा

सावरगावचे नाव घेतले की बाहेरच्या माणसास पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आठवते. जाम नदीच्या पात्रात रोवलेला पळस आणि दोन्ही काठांवरून होणारा दगडांचा वर्षाव. त्या दिवसाची छायाचित्रे वर्तमानपत्रांतून दरवर्षी येतात. संक्रांतीनंतर मात्र सावरगावहून आमच्याकडे आलेल्या पाकिटात निराळीच छायाचित्रे निघाली. संत्र्याच्या बागेत मांजात अडकलेली एक घार पत्रलेखकांच्या मुलांनी सोडवून घरी आणली, तीन दिवस ओसरीवर टोपलीखाली ठेवली, आणि आल्यागेल्या प्रत्येकाने तिचे छायाचित्र काढले. चौथ्या दिवशी ती वनखात्याच्या स्वाधीन करण्यात आली. छायाचित्रे छापण्याजोगी आहेत काय, एवढेच पत्रात विचारले आहे.

छायाचित्रे चांगली उतरली आहेत, यात शंका नाही. परंतु ती आम्ही छापणार नाही, आणि त्याचे कारण सांगणे आमचे कर्तव्य आहे. घारीची चोच उघडी आहे, मानेवरची पिसे फुललेली आहेत. पाहणारास वाटावे, पक्षी रागावला आहे. काय तो रुबाब! वस्तुतः शिकारी पक्षी असा बसतो तेव्हा तो भ्यालेला असतो. त्याच्या दृष्टीने समोर वाकलेला माणूस आणि त्याच्या हातातील डोळ्यासारखी काच ही दोन्ही त्याला खाण्यासाठीच आलेली असतात. बहिरी ससाणे पाळणारे जुने लोक पक्ष्याच्या डोळ्यांवर चामड्याची टोपी घालीत, ती उगीच नव्हे. दिसेनासे झाले की पक्षी शांत होतो.

शिवाय मांजाची जखम वरून दिसते त्याहून वाईट असते. पंखाच्या पुढच्या कडेला, खांद्यापासून मनगटापर्यंत, कातडीचा एक पातळ पडदा असतो. त्यातूनच पंख ताणून धरणारा स्नायुबंध जातो. घार झेप घेत असता ताणलेला दोरा नेमका तेथे कापतो. ताजी जखम टाके घालून सांधता येते. वाळली, आकसली, की पक्षी जगतो, खातो, पण पंख पुरता उलगडत नाही. आणि जी घार उडू शकत नाही तिला घार तरी कसे म्हणावे? काचेच्या व नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी तो बाजारात मिळतोच, हे आपण सारे जाणतो. तेव्हा असे पक्षी पुढेही सापडणार. त्यांस पुठ्ठ्याच्या भोके पाडलेल्या खोक्यात, अंधारात, गलबल्यापासून दूर ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये. आणि त्याच दिवशी वनखात्यास कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार असा पक्षी शासनाची मालमत्ता ठरतो आणि ४८ तासांच्या आत वर्दी देणे बंधनकारक आहे. नागपूर सावरगावास जवळ असले, तरी मध्ये राज्याची सीमा आहे; पक्षी कोठे न्यावयाचा हे वनखात्यानेच ठरवावे.

नागपुरास सेमिनरी हिल्सवर महाराष्ट्र वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर आहे. नाव अवघड, काम सरळ: जखमी प्राणीपक्षी आणावयाचे, बरे करावयाचे आणि रानात परत सोडावयाचे. अशा केंद्रांत कॅमेऱ्यास मज्जाव असावा असे आमचे म्हणणे नाही. उलगडलेल्या पंखाचे मोजपट्टीसह वरून घेतलेले छायाचित्र, तळपायाच्या सुजेचे, तुटलेल्या पिसांचे छायाचित्र, ही वैद्याच्या कामाची असतात. दहा दिवसांनी तेच पुन्हा घेऊन शेजारी ठेवले की पंख किती सुटला ते कळते. ही छायाचित्रे पक्षी तपासणीसाठी हातात असतानाच, क्षणात घेतली जातात. हौशी माणसाने मात्र परवानगी घेऊन, पडद्याआडून, लांब पल्ल्याच्या भिंगाने, झगझगीत दिवा न पेटविता काम करावे.

यातही एक गोम आहे. जाळीस भिंग अगदी टेकवून छिद्र मोठे ठेवले, तर जाळी छायाचित्रात उमटतच नाही आणि पिंजऱ्यातील गरुड कड्यावर बसल्यासारखा दिसतो. ही युक्ती वापरण्यास हरकत नाही. पण खाली 'उपचारगृहातील पक्षी' असे लिहावयास हवे. ते न लिहिणे म्हणजे वाचकाची फसवणूक.

दिल्लीत वझिराबाद येथे नदीम शहजाद व मोहम्मद सऊद हे बंधू वर्षानुवर्षे जखमी घारींवर उपचार करीत आले आहेत. त्यांच्यावर शौनक सेन यांनी काढलेला 'ऑल दॅट ब्रीद्स' हा २०२२ चा बोलपट जगभर वाखाणला गेला. तो पाहताना आम्हांस विशेष जाणवले ते हे, की कॅमेरा घारींइतकाच त्यांची शुश्रूषा करणाऱ्या माणसांवर रेंगाळतो. छायाचित्रकारांनी हे जरूर ध्यानी घ्यावे.

हरियाणातील पिंजोरच्या गिधाड केंद्रात तर पक्ष्यांवर दुरून, कॅमेऱ्यातूनच लक्ष ठेवतात. माणसाची सवय त्यांना लागू देत नाहीत. गुरांना टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅकने गिधाडे जवळपास नामशेष केली. २००६ साली त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. पिंजोरची वीस गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व ताडोबा येथे आणून त्याच वर्षी मोकळी सोडण्यात आली. त्यांतील एक उडत उडत थेट तामिळनाडूत पोहोचले!

पक्षी सुटतो त्या क्षणाचे छायाचित्र बहुधा पाठमोरे येते, थोडे हललेले, निम्मे आभाळ रिकामे. तशी छायाचित्रे वाचकांनी पाठविली, तर ती आम्ही आनंदाने छापू.