भूगोलाचा तास आणि आपली भरतीरेषा



दहावीचा निकाल लागला की आपल्या वाड्यावर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "पोर शेवटी होडीवरच जाणार, त्याला भूगोल शिकून काय करायचंय?" माझं मत अगदी उलट आहे. हायस्कुलात जे शिकलो त्यात सगळ्यात जास्त कामी आला तो भूगोलाचा तास. दर्यावरही आणि किनाऱ्यावरही.

आमचे सर काही दर्यावर जाणारे नव्हते. पण भरती-ओहोटीचा धडा आला तेव्हा त्यांनी पुस्तक मिटून रापणकारांच्या पोरांनाच विचारलं, "उधाण कधी येतं?" पुनवेला आणि अमावास्येला, हे आम्हाला तोंडपाठ. "आणि भांग?" अष्टमीच्या आसपास. "का?" इथे सगळे गप्प. मग त्यांनी फळ्यावर सूर्य, चंद्र आणि पृथ्वी काढून दाखवली. तिघं एका रेषेत आले की सूर्य-चंद्राची ओढ एकत्र होते आणि पाणी जास्त चढतं-उतरतं. काटकोनात आले की जोर कमी होतो. भरती रोज सुमारे 50 मिनिटं उशिरा का येते, तर तेवढ्या वेळात चंद्रही पुढे सरकलेला असतो.

त्यातून एक गोष्ट कळली. बापजाद्यांचं ज्ञान "कधी" ते सांगतं, पुस्तक "का" ते सांगतं. दोन्ही एकमेकांचे वैरी नाहीत. आता मासेमारी बंदीचंच घ्या. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस. पावसाळ्यात बांगडा, तारली अशी बरीच मासळी अंडी घालते. त्याच दिवसांत खालचं थंड, सकस पाणी किनाऱ्याजवळ वर येतं आणि पिल्लांना खाद्य मिळतं. हे ज्याला समजलं त्याला बंदी पाळायला पोलीस लागत नाही. बारीक मासळीचंही तेच. केरळात 14 सेंटीमीटरपेक्षा लहान बांगडा पकडायला बंदी आहे. आकड्यामागचं कारण कळलं तर आपली पोरं पट्टी स्वतःच हातात घेतील.

दुसरी शिकवण नकाशाची. सर म्हणायचे, आधी सूची वाचा, मग प्रमाण, मग दिशा, आणि शेवटी नकाशात काय नाही ते शोधा. ही शेवटची गोष्ट आज आपल्या पोटाशी येऊन भिडली आहे. 1991 पासून किनारी नियमन क्षेत्राचे नियम आहेत आणि त्यांचं सगळं मोजमाप भरतीरेषेपासून होतं. पुढे 2011 च्या अधिसूचनेनुसार किनारी आराखडे 1:25,000 प्रमाणावर करायचे ठरले. या प्रमाणात नकाशावरचा 1 सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे 250 मीटर. मग होडी ओढायची आपली 10 मीटरची जागा कुठे दिसणार? अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही! 2021 साली गोव्यात या आराखड्यावर जनसुनावणी झाली, तेव्हा मच्छीमार वस्त्या आणि होड्यांच्या जागा नकाशात नीट आल्या नाहीत, अशा तक्रारी झाल्या. जी जागा नकाशात नाही, ती उद्या कागदावर आपली राहत नाही. "मोठ्या प्रमाणाचा नकाशा दाखवा" असं सुनावणीत उठून म्हणणारा आपल्यातलाच कोणी हवा की नको?

तिसरी शिकवण, तारखेसह लिहून ठेवण्याची. सर वर्गात पावसाची वही ठेवायला लावत. "पूर्वी मासळी खूप मिळायची" हे आपण सगळेच म्हणतो, पण अधिकाऱ्यासमोर ते बोलणं टिकत नाही. तारीख, जागा, खोली, किती टोपल्या मिळाल्या, एवढं रोज लिहिलेली वही मात्र टिकते.

कोणी म्हणेल, शिकलेली पोरं बोटीवर नाहीतर गल्फला जातात. जाऊ देत, त्यात वाईट काही नाही. पण जी मागे राहतात त्यांनाच भूगोलाची जास्त गरज आहे, कारण दर्या आणि किनारा सांभाळायचा आहे तो त्यांना.

म्हणून माझी सूचना साधी आहे. बंदीच्या दोन महिन्यांत आपण जाळी शिवायला बसतोच. त्यातला दर आयतवारचा एक तास पोरांसाठी ठेवूया. एका बाजूला जुना तांडेल, दुसऱ्या बाजूला हायस्कूलचे शिक्षक, मधे नकाशा आणि भरतीचं कोष्टक. खर्च जवळजवळ काहीच नाही. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा, अशी संचालक मंडळाला विनंती. ज्यांना पटतं त्यांनी खाली लिहा, आणि ज्यांना पटत नाही त्यांनी तर जरूर लिहा.