नाताळचे गाणे आणि भुलाबाई

चाळिशी उलटल्यावर माणसाने नवी भाषा शिकण्याच्या भानगडीत पडू नये, असे माझे ठाम मत होते. जी भाषा शिकवून पोट भरतो तीच अजून पुरती हाती आलेली नाही. तिथे दुसरीच्या दाराशी कशाला जा? पण गेल्या डिसेंबरात माझे धाकटे बंधू इटलीतल्या तोरिनोहून सहकुटुंब कोराडीस आले आणि ते मत मला गुंडाळून ठेवावे लागले.

भावजय तिकडची. सहा वर्षांची पुतणी इटालियन असे घडाघडा बोलते, की ऐकणाऱ्याचा श्वास कोंडावा. मराठीच्या नावाने मात्र आनंद. इकडे आमच्या आईला, वय वर्षे 77, मराठीखेरीज काही येत नाही, आणि तीही अस्सल नागपुरी. पहिले दोन दिवस आजी आणि नात एकमेकींकडे पाहून नुसत्या हसत होत्या. तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "काय रे, पोट्टी मले काहीबाही सांगून राहिली अन् मी आपली येड्यावानी हासून राहिली. मले काय अशीच हासत मरा लागते का?"

हे शेवटचे वाक्य मला झोंबले. मी लगोलग एक स्वयंशिक्षक मिळवला आणि दोन दिवस घोकंपट्टी करून पुतणीशी पहिले वाक्य बोललो. तिने चटकन मागे वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते. झाले होते असे, की पुस्तकाने मला सभ्य माणसाचे इटालियन शिकवले होते. त्यात समोरच्या माणसाला आदराने 'लेई' म्हणतात, आणि 'लेई'चा दुसरा अर्थ 'ती' असाही होतो. (पूर्वीचे 'आपली सरकारस्वारी' अशा थाटाचे संबोधन तिकडे स्त्रीलिंगी होते, त्याची ही शेपटी.) सहा वर्षांच्या पोरीने आधी ती दुसरी 'ती' शोधली, आणि तिच्यासाठीच मी 'आपण' वापरतो आहे हे कळल्यावर पोट धरून हसली.

मग मी पुस्तक मिटले आणि पोरीलाच गुरू केले. शाळेतल्या नाताळच्या कार्यक्रमासाठी बसवलेली गाणी तिच्या ओठांवर ताजी होती. त्यांतले एक सबंध इटलीत लहानथोरांना पाठ असते. देव आकाशातल्या ताऱ्यांवरून उतरून गारठलेल्या गोठ्यात जन्मतो, असे ते गाणे. आल्फोन्सो लिगुओरी या धर्मगुरूचे. हा गृहस्थ आधी वकील होता, पुढे संत ठरला. गाणे त्याने 1754 साली नेपल्सजवळच्या नोला गावी रचले असे सांगतात. नेपल्सच्या बोलीतही त्याने असेच एक नाताळगीत केले आहे. देवळाची भाषा लॅटिन असताना त्याने बाळाचे गाणे बायाबापड्यांच्या तोंडच्या बोलीत नेले, हे वाचून मला त्याच्याविषयी एकदम आपलेपणा वाटू लागला. आणि त्या प्रसिद्ध गाण्यातला पहिलाच शब्द कोणता असावा? 'तू'! उच्चार तोच, अर्थ तोच. विठ्ठलाला एकेरीत हाक मारणाऱ्या मुलुखातल्या माणसाला आणखी काय हवे?

त्याची चाल तिकडच्या मेंढपाळी वाद्यांच्या झुलत्या ठेक्यावर आहे. आब्रुत्सोच्या डोंगरांतले मेंढपाळ नाताळच्या सुमारास मशकबीन घेऊन रोम-नेपल्सच्या रस्त्यांवर उतरत. आमच्याकडे दिवाळीत गायगोधनाच्या दिवशी गोवारी बांधव ढाल घेऊन वाजतगाजत निघतात, त्याची मला आठवण झाली. मोठ्या सणाला गुराख्याने गावात येऊन वाजवावे, ही रीत दोहीकडे कशी काय निघाली असेल कोण जाणे.

इटालियन शिकणाऱ्याचा पाय पहिल्यांदा घसरतो तो जोडाक्षरावर. 'नोन्ना' म्हणजे आजी. मी घाईत 'नोना' म्हणालो. त्याचा अर्थ नववी. म्हणजे आईला मी नववा नंबर देऊन बसलो! बोलण्याच्या ओघात हे द्वित्त निसटते; गाण्यात ते ठेक्यावर अडते आणि कानाला सापडते. तारे 'स्तेल्ले', थंडी 'फ्रेद्दो', रात्र 'नोत्ते'. आणि इथे माझ्यातला मास्तर जागा झाला. लॅटिन 'सेप्तेम'चे इटालियनमध्ये 'सेत्ते' झाले. आपल्या 'सप्त'चे प्राकृतात 'सत्त' आणि मराठीत 'सात'. तिकडे 'लाक्ते'चे 'लात्ते', म्हणजे दूध; इकडे 'भक्त'चे 'भत्त' आणि मग भात. दोन मुलुखांतल्या लोकांनी जड जोडाक्षरे एकाच युक्तीने सोपी केली. इटालियन तिथेच थांबली, मराठी आणखी एक पाऊल पुढे गेली. जे सूत्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो ते एक पोर उड्या मारीत गात होती.

गाण्याचा उपयोग पहिल्यांदा कळला तो एका पहाटे. कोराडीच्या तलावावरून बोचरा वारा येत होता. पोर अंगणात आली आणि कुडकुडत म्हणाली, "फ्रेद्दो!" गाण्यातला शब्द मी ओळखून आईला सांगितला. आईने तिला ओढून शेकोटीपाशी बसवले, स्वतःच्या शालीत घेतले आणि विचारले, "आता नाही नं फ्रेद्दो?" पोर म्हणाली, "काल्दो." म्हणजे ऊबदार. इंग्रजी शिकलेल्याला तो शब्द 'कोल्ड'सारखा ऐकू येतो. आईला इंग्रजी येत नसल्याने ती फसली नाही.

त्या दिवसापासून आईने उलट शिकवणी सुरू केली, ती भुलाबाईच्या गाण्यांची. वास्तविक भुलाबाई यायची भाद्रपदी पौर्णिमेला आणि जायची कोजागिरीला. हिवाळ्यात तिची गाणी म्हणणे म्हणजे अवेळी पाहुणी बोलावणे! पण आईने शास्त्र बाजूला ठेवले. आठ दिवसांत पोर दोन गाणी सुरात म्हणू लागली; मात्र त्यातून वेगळीच पंचाईत उभी राहिली. आपण बोलताना 'भात्' म्हणतो, गाताना 'भातऽ' असा शेवटचा अकार लांबवतो. पोरीने मराठी गाण्यातून उचललेली, म्हणून ती जेवताना 'भातऽ', 'दूधऽ' मागू लागली. इटालियन गाण्याची तऱ्हा नेमकी उलट. बोलताना जो शेवटचा स्वर ठणठणीत असतो, तोच गाण्यात पुष्कळदा छाटतात: 'बाम्बीनो'चे 'बाम्बीन', 'कुओरे'चे 'कुओर'. त्यामुळे मी शेपूट तोडून बोलायचो, ती शेपूट लावून. भाजीबाजारात कोणी ओवीतून भाव करावा तशी आमची दोघांची भाषा! गाण्याने भाषा येते या म्हणण्याला म्हणूनच माझी हरकत आहे. गाण्याने तोंड उघडते. भाषा पुढे शेकोटीपाशी आणि ताटावर शिकावी लागते. आणि तेवढे दिवस आमच्याजवळ नव्हते. जानेवारी उजाडताच मंडळी परतली.

उन्हाळ्यात बंधुराजांनी कळवले की पोर मराठी बरीचशी विसरली. आईने ते ऐकून घेतले, बोलली काही नाही. नाताळचे ते गाणे मात्र ती मेथी निवडताना गुणगुणत राहिली, शब्द निम्मेअधिक आपल्या पदरचे घालून.

यंदा भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या पोरी आमच्याकडे आल्या. गाणी झाली, आणि खाऊ ओळखायची वेळ आली तेव्हा आईने मला फोन लावायला सांगितले. आमचे रात्रीचे आठ, तोरिनोत दुपारचे साडेचार; पोर शाळेतून आलेली. आईने डबा फोनपाशी नेऊन खुळखुळवला. पोरी ओरडून सांगू लागल्या, "विचार, गोड का तिखट?" पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "आजी, फ्रेद्दो?"

"हो, फ्रेद्दो," आई म्हणाली.

"जेलातो!"

"काय म्हणते रे?"

"आइस्क्रीम म्हणते."

डब्यात शेंगदाण्याचे लाडू होते. आईने झाकण घट्ट लावले आणि मला म्हणाली, "बरोबर आहे म्हण."