फोटो किती वाजता हवा?

मंडळी, आजचा विषय जरा आडरानातला आहे. सेल्युलर ट्रेल कॅमेरा. म्हणजे झाडाच्या बुंध्याला पट्ट्याने बांधायचा विटेएवढा डबा. समोरून जनावर गेलं की तो आपोआप फोटो काढतो आणि आतल्या सिमकार्डावरून थेट तुमच्या मोबाईलवर पाठवून देतो. अमेरिकेत हरणांच्या शिकारीला जाणाऱ्यांमध्ये हे यंत्र आता चांगलंच रुळलंय.

"तुझा आणि शिकारीचा काय संबंध रे?" हा प्रश्न आईने फोनवर विचारून झालाय, तेव्हा तुम्हीही विचारणारच. संबंध एवढाच की मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारण्याचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो आणि ऑफिसातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतात. पाच लाखांहून जास्त लोक त्यासाठी परवाना काढतात. मी बंदुकीला हात लावलेला नाही, लावायची इच्छाही नाही. पण पुण्यात जसे अख्ख्या सोसायटीचे प्रिंटर "तू कॉम्प्युटरवाला ना?" म्हणत माझ्याकडे यायचे, तसे इथे सहकाऱ्यांचे कॅमेरे येतात. कुठला घेऊ, बॅटरी का संपते, फोटो का येत नाहीत, वगैरे वगैरे.

हे सगळं करता करता माझं एक ठाम मत झालंय. कॅमेरा घेताना लोक मेगापिक्सेल विचारतात, फ्लॅश किती फुटांपर्यंत जातो ते विचारतात, महिन्याचा प्लॅन कितीचा ते विचारतात. खरा प्रश्न कोणीच विचारत नाही: फोटो मला किती वाजता हवा आहे? आपल्या भाषेत सांगायचं तर लेटन्सी. आपण एरवी लेटन्सी कमी करण्यासाठी जिवाचं रान करतो. इथे ती मुद्दाम वाढवावी, असं माझं म्हणणं आहे.

पण आधी निवडीचं बोलू, कारण ज्याला यंत्र कळलंय त्यालाच पुढचा मुद्दा पटेल.

पहिली गोष्ट नेटवर्क. कॅमेरा घेण्याआधी तो जिथे बांधणार त्या झाडाखाली उभं राहून फोनवर कुठल्या कंपनीची रेंज किती येते ते बघा. घरी नाही, झाडाखाली. रेंज कमजोर असली की कॅमेऱ्यातला मोडेम जास्त ताकद लावतो, पुन्हा पुन्हा जोडायचा प्रयत्न करतो आणि बॅटरी खातो. "बॅटरी खराब निघाली" या तक्रारींतल्या बऱ्याचशा खरं तर रेंजच्या तक्रारी असतात. आणि जुना कॅमेरा स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. अमेरिकेत २०२२ या एका वर्षात एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन या तिन्ही कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, आणि त्यावर चालणारे कॅमेरे एका रात्रीत मुके झाले. लेन्स ठणठणीत, सेन्सर ठणठणीत, फक्त बोलायला कोणी नाही!

दुसरी गोष्ट सेन्सर. हा कॅमेरा हालचाल "बघत" नाही. त्यातला पीआयआर सेन्सर समोरच्या पट्ट्यात उष्णता इकडून तिकडे सरकली की जागा होतो. म्हणून जनावर आडवं जाईल असा कोन ठेवावा. सरळ कॅमेऱ्याकडे चालत येणारं हरीण त्याला उशिरा कळतं. उन्हात तापलेलं, वाऱ्यावर डुलणारं गवतही त्याला जनावरच वाटतं, त्यामुळे समोरच्या फांद्या आणि गवत छाटणं आलंच. तोंड शक्यतो उत्तरेला करावं, म्हणजे सूर्य लेन्समध्ये शिरत नाही.

तिसरी गोष्ट रात्रीचा फ्लॅश. ८५० नॅनोमीटरचे दिवे लांबपर्यंत पोचतात, पण अंधारात किंचित लालसर दिसतात. ९४० नॅनोमीटरचे दिवे डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीत, पण पल्ला कमी पडतो. चोरीची भीती असेल तर दुसरा घ्या, मोठं मोकळं रान असेल तर पहिला.

आता देखभाल. इथे नोव्हेंबरच्या पहाटे पारा शून्याखाली जातो, आणि साध्या अल्कलाइन सेलची ताकद थंडीत झपाट्याने उतरते. लिथियमचे एए सेल महाग खरे, पण उणे ४० अंशांपर्यंत चालतात. रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे असल्याने काही कॅमेरे ते भरलेले असतानाच "बॅटरी संपत आली" म्हणून रडतात. सोलर पॅनल लावणार असाल तर तो दाट झाडीत लावून उपयोग नाही. मेमरी कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, लॅपटॉपवर नको. दारावरच्या रबरी पट्टीत माती अडकली की पाणी आत शिरतं, ती पुसून घ्या. लेन्ससमोर कोळी जाळं विणतो, आणि मग रात्रभर पांढऱ्या धाग्यांचे फोटो येतात. हंगाम संपला की सेल काढून ठेवा, नाहीतर ते गळून आतले संपर्क गंजतात. आणि हो, अस्वलांचा भाग असेल तर लोखंडी पेटी घ्याच. अस्वल ही वस्तू चावून बघितल्याशिवाय पुढे जात नाही.

आता मूळ मुद्दा.

जुना ट्रेल कॅमेरा फोटो कार्डावर साठवायचा. आठ-पंधरा दिवसांनी जाऊन कार्ड काढायचं आणि घरी बसून बघायचं. ही झाली लॉग फाइल. काय घडून गेलं, ते वाचायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा. हरणं या वाटेने पहाटे येतात, वारा पश्चिमेचा असेल तर येत नाहीत, असं काहीबाही. अंदाज चुकायला भरपूर वाव. सेल्युलर कॅमेरा लगेच फोटो पाठवायला लागला की लॉगचा अलार्म होतो. आपल्यापैकी जे ऑन-कॉल असतात त्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. लॉग वाचणारा माणूस विचार करतो. अलार्म ऐकणारा उठतो आणि धावतो. शिकारी घरात कॉफी पीत बसलाय, फोन वाजला, "मोठा नर आत्ता मक्याच्या शेताच्या कडेला आहे", उचलली बंदूक आणि निघाला. याला शिकार म्हणायचं की डिलिव्हरी?

मी शाकाहारी घरातला मुलगा उगाच शहाणपणा शिकवतोय असं वाटत असेल तर थांबा. हे शिकाऱ्यांचंच म्हणणं आहे. थिओडोर रुझवेल्ट यांनी १८८७ साली स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब "फेअर चेस" हे तत्त्व मानतो. जनावराला निसटायची खरी संधी हवी, शिकाऱ्याला गैरवाजवी वरचढपणा नको. या क्लबची भूमिका अशी आहे की, मिळालेल्या ताज्या माहितीवर शिकारी तत्काळ हालचाल करणार असेल तर असं तंत्रज्ञान त्या तत्त्वात बसत नाही. शब्द नीट बघा. आक्षेप कॅमेऱ्याला नाही, "तत्काळ"ला आहे.

काही राज्यांनी कायदाच केला. ॲरिझोनाने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायलाच बंदी घातली. त्या वाळवंटी मुलखात पाणवठे मोजके. प्रत्येक पाणवठ्यावर डझनावारी कॅमेरे लटकले तर जनावराने जायचं कुठे? यूटाने २०२२ पासून ३१ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात बंधन आणलं. नेव्हाडात वर्षाच्या उत्तरार्धात सरकारी जमिनीवर मनाई आहे आणि फोटो पाठवणाऱ्या कॅमेऱ्यांची मनाई साध्या कॅमेऱ्यांच्या आधी सुरू होते. म्हणजे कायदा करणाऱ्यांनाही लॉग आणि अलार्म यांतला फरक कळला होता. नियम राज्यागणिक वेगळे आहेत आणि बदलत राहतात, तेव्हा कॅमेऱ्याआधी नियमपुस्तिका वाचा.

यावर माझ्या टीममधल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी तीन मुद्दे मांडले. वडिलांच्या वेळेपासून शिकार करणारा माणूस, त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

एक: दुर्बीण लावलेली रायफल चालते, मग कॅमेरा का नाही? माझं उत्तर असं, की दुर्बिणीमुळे नेम चुकून जनावर जखमी होऊन तडफडण्याची शक्यता कमी होते. पण जनावर शोधायला तुम्हाला तिथे जाऊन बसावंच लागतं. कॅमेरा तुमच्याऐवजी तिथे बसतो, तोही दहा ठिकाणी, तोही न झोपता.

दोन: सेल्युलर कॅमेऱ्यामुळे माणसाच्या रानातल्या फेऱ्या कमी होतात, वास पसरत नाही, जनावरं बिथरत नाहीत. हे शंभर टक्के मान्य! पण त्यासाठी फोटो दहा सेकंदांत कशाला हवा? उद्या आला तरी फेरी वाचतेच.

तीन: इथे हरणं फार झालीत, ती कमी करायलाच हवीत. विस्कॉन्सिनात २००२ साली हरणांमधला सीडब्ल्यूडी हा मेंदूचा जीवघेणा रोग सापडला, तेव्हापासून हा मुद्दा आणखी गंभीर झालाय. पण संख्या कमी करायची तर माद्या मारायला लागतात, आणि फोन वाजल्यावर कोणी मादीसाठी धावत नाही. धावतात ते मोठ्या शिंगांच्या नरासाठी. मग कारण लोकसंख्येचं सांगू नये, भिंतीवरच्या शिंगांचं सांगावं.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं मानू नका. भारतात २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले होते. त्याची गिनीज बुकात नोंद झाली. तंत्र बहुतांशी तेच, हेतू उलटा. पण माहिती हेतू ओळखत नाही. २०१३ साली पन्नाच्या एका वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती ज्या ईमेल खात्यात यायची, त्यात कोणीतरी शिरायचा प्रयत्न केला. तो सर्व्हरने अडवला. प्रयत्न कुठून झाला होता? पुण्यातून! जनावराचा ताजा ठावठिकाणा ही किती जोखमीची चीज आहे ते यावरून समजा. म्हणून देखभालीच्या यादीत सेलच्या बरोबरीने पासवर्ड हवा, आणि जागेचे आकडे असलेले फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत हा नियमही हवा.

एक जुनी गोष्ट सांगतो. जॉर्ज शिरास हे पेनसिल्व्हेनियाचे शिकारी आणि वकील, पुढे काँग्रेसचे सदस्यही झाले. त्यांनी रात्री रानात तारा ताणून ठेवल्या. जनावराचा पाय लागला की फ्लॅश उडायचा आणि फोटो निघायचा. त्यांचे चौऱ्याहत्तर फोटो 'नॅशनल जिओग्राफिक'ने जुलै १९०६ च्या अंकात छापले. ट्रेल कॅमेऱ्याचे हे आजोबा. गंमत म्हणजे या कॅमेऱ्यापायी शिरास यांनी बंदूक बाजूला ठेवली. शंभर वर्षांत तोच कॅमेरा बंदुकीला वाट दाखवायला लागला.

मी कोणाला बंदूक ठेवायला सांगत नाही. माझी मागणी अगदी लहान आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या ॲपमध्ये फोटो कधी पाठवायचे याचं सेटिंग असतं: लगेच, की दिवसातून एकदा-दोनदा. हंगामाबाहेर ते दिवसातून एकदावर ठेवा. हंगामाच्या नऊ दिवसांत पाठवणं बंदच करा, फोटो कार्डावर साठू द्या. आणि इथे इंजिनिअर म्हणून मला सगळ्यात आवडणारी गोष्ट येते. मोडेम दिवसातून चाळीस वेळा जागा होण्याऐवजी एकदाच जागा झाला की बॅटरीही कितीतरी जास्त टिकते. चांगलं वागण्याची किंमत मोजावी लागते असं आपण ऐकत आलोय. इथे उलट सेलचे पैसे वाचतात!

ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दोन कॅमेऱ्यांवर हे सेटिंग करून घेतलंय. तिसरा त्यांच्या जावयाचा आहे, आणि जावई म्हणतात, "नाही." त्या घरातला वाद अजून मिटलेला नाही, आणि मला वाटतं तो वाद चालू राहणंच बरं. कारण ज्या दिवशी फोन वाजल्यावर "जाऊ का?" हा प्रश्नच कोणाला पडणार नाही, त्या दिवशी रानात फक्त कॅमेरा जागा असेल.

असो. तुमच्या आसपास कोणी असा कॅमेरा घेत असेल तर सल्ला जरूर द्या. लिथियम सेल, उत्तरेला तोंड, झाडाखालची रेंज. आणि सगळ्यात आधी विचारा, फोटो किती वाजता हवा?